आपण परीक्षेला बसलोय

माझे वडील मला सहसा 'तू' म्हणत नसत, 'आपण' म्हणत. हे पुण्याकडचं अदबीचं 'आपण' नव्हे, 'आपण कुठून आलात, आपण बसावं' त्यातलं. आमच्या घरातलं 'आपण' म्हणजे तू, मी आणि घरातली झाडून सगळी. मला ताप आला की 'आपल्याला ताप आलाय'. मॅट्रिकला मी गणितात काठावर सुटलो तेव्हा ते शेजारीपाजारी सांगून आले, 'आपण गणितात थोडक्यात वाचलो.' 'तू' हा शब्द त्यांनी रागासाठी राखून ठेवलेला होता. तो कानावर पडला की मी बाहेर सटकायला चपला शोधायला लागायचो.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट सांगतोय. मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे सामाईक गॅलरी. माणसं चार: वडील, आई, वडिलांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. मी बी. ए. होऊन फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकुनी करत होतो. काम वाईट नव्हतं. फक्त माझ्या पुढच्या टेबलावर एक गृहस्थ होते, त्यांच्या पुढच्या टेबलावर आणखी एक, आणि ते सगळे आपापल्या टेबलावरच म्हातारे झालेले दिसत होते. मला तसं व्हायचं नव्हतं, एवढंच.

त्याच सुमाराला एका बड्या बँकेनं ऑफिसर भरायला परीक्षा घ्यायला सुरुवात केली. त्याआधी बँकेत साहेब व्हायचं तर कुणाचा तरी भाचा असावं लागतं, असा निदान आमच्या गॅलरीत समज होता. आता पेपर लिहा, पास व्हा, मुलाखत द्या आणि थेट साहेबाच्या खुर्चीत बसा. मी अर्ज केला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडांना सांगून टाकलं, 'यंदा आपण बँकेच्या परीक्षेला बसलोय.'

बसलो आणि लेखीतच आपटलो. इंग्रजीच्या पेपरानं वाट लावली. निकाल कळला त्या संध्याकाळी वडील गॅलरीत उभे होते. शेजारच्या खोलीत रेल्वेतले एक गार्ड राहायचे. निवांत माणूस, ड्यूटी संपली की जगाची चौकशी करणं हाच उद्योग. त्यांनी विचारलं, 'काय हो, परीक्षेचं काय झालं?'

'आपलं नाही जमलं यंदा,' वडील म्हणाले. 'इंग्रजीत आपण कमी पडलो. पुढच्या वर्षी बघू.'

मी आत होतो. माझं डोकं फिरलं. तसाच बाहेर आलो आणि गार्डांच्या देखत ओरडलो, 'आपण कोण? परीक्षेला मी बसलो होतो. नापास मी झालोय. तुम्ही कशाला मध्ये?'

गार्डांना एकदम बादली भरायची आठवण झाली आणि ते आत गेले. आत आईनं पातेलं जरा जोरात ठेवलं. वडील काही चिडले नाहीत. 'ओरडायचं नाही,' म्हणाले. 'चला, आपण जेवून घेऊ.'

म्हणजे पुन्हा आपण! मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही. तेव्हा नुसती चीड आली होती. बसणार मी, पडणार मी, आणि दुःखात वाटा मागायला हे हजर. माणसाचं अपयशसुद्धा त्याचं एकट्याचं नाही म्हणजे काय! त्या रात्री मी अर्धपोटी उठलो. आत्या म्हणाली, 'उपाशी राहून इंग्रजी येत असतं तर मला केव्हाच आलं असतं.'

बँकेची वयाची अट अशी होती की पुढचं वर्ष माझं शेवटचं. तेव्हा नाही जमलं तर जन्मभर विम्याचे कागद. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी ओरडलो तरी दुसऱ्या दिवसापासून सगळं घर पुन्हा अभ्यासाला बसलं.

वडिलांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिकू द्या, मग काढू. तेव्हा तशीच पद्धत होती. त्यामुळे इंग्रजी पेपर त्यांना दिसत नसे. मी ऑफिसातून आलो की चहा घेता घेता अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. ते डोळे मिटून ऐकणार. मग त्याची प्रेसी करायची, म्हणजे गोषवारा: दिलेल्या मजकुराचा एक तृतीयांश करायचा, मुद्दा एकही गळता कामा नये. मी लिहायचो, ते तोंडी करायचे, मग ताडून बघायचं. त्यांचं इंग्रजी जन्मभर कचेरीत शिजलेलं. अग्रलेख कापसाच्या भावावर असो की परराष्ट्र धोरणावर, त्यांच्या प्रेसीला शेवटी 'आदेशार्थ सादर' असा वास यायचाच. पण मुद्दा गळायचा नाही हे मान्य करायला हवं. माझा गळायचा.

'आपण घाई करतो,' ते म्हणायचे. 'आपल्याला शेवटचा परिच्छेद वाचायचा कंटाळा आहे.'

त्यांना कसला कंटाळा, ते तर ऐकायला टपलेले असायचे! कंटाळा मला. पण एकदा ओरडून झालं होतं, पुन्हा ओरडायला तोंड नव्हतं.

हळूहळू ही प्रेसी सगळ्या घराच्या अंगात आली. आत्याला नळावरच्या भांडणाची हकीकत सांगायची तर ती आदल्या पिढीपासून सुरू व्हायची. आई तिला पोळ्या लाटता लाटता म्हणायची, 'वन्सं, एक तृतीयांश करा बघू.' आत्या आधी फणकारली, 'मी काय बँकेत जातेय?' आणि मग जरा विचार करून म्हणाली, 'हंडा तिचा नव्हता, नंबर तिचा नव्हता, आवाज तेवढा तिचा होता.'

वडील बाहेरच्या खोलीतून ओरडले, 'ह्याला म्हणतात प्रेसी! आपल्याला असं जमलं पाहिजे.'

सामान्य ज्ञानाचं खातं आत्याकडे होतं. तिला मराठी वाचता यायचं, म्हणून मी देशांच्या राजधान्या देवनागरीत लिहून दिल्या होत्या. ती जप झाला की जपमाळ पिशवीत घालायची आणि विचारायला बसायची. हेलसिंकीला ती हळसिंकी म्हणायची, जणू काही कोकणातलं गाव. मला आठवलं नाही तर स्वयंपाकघरातून आई उत्तर द्यायची. महिन्याभरात अशी वेळ आली की फिनलंड म्हटलं की मला फोडणीचा वास यायचा. अजूनही येतो.

माझा एक मित्र भांडुपला राहायचा. त्याचे वडील मालवणकडून गिरणीत आलेले. हा बी. कॉम. होऊन माझ्याच कचेरीत चिकटला होता आणि तोही त्या वर्षी परीक्षेला बसला होता. त्याचं 'आपण' तिसरंच, मुंबईच्या नाक्यावरचं. 'आपण कुणाला भीत नाय' म्हणजे मी कुणाला भीत नाही. त्यात दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. मला ते फार आवडायचं. रविवारी तो मुलुंडला यायचा आणि आम्ही स्टेशनच्या पूर्वेला मिठागरांच्या बांधावर पुस्तकं घेऊन बसायचो. तिकडे तेव्हा वस्ती फारशी नव्हती. वारा मात्र असा की पान धरून ठेवायला एक हात गुंतायचा, आणि सूर्य कलला की डास असे की दुसरा हात.

'ऑफिसर झालो तर बाहेर टाकतात म्हणे रे,' तो एकदा म्हणाला. 'बिहार, ओरिसा, खंय पण.'

'टाकू देत.'

'टाकू देत काय, यार! थंय मासे गावतले काय?'

'ओरिसाला समुद्र आहे,' मी सामान्य ज्ञान पाजळलं.

'समुद्र आसा. पण बांगडो आसा काय?'

मी हसलो. पण ती गोष्ट खरी होती. जाहिरातीत स्पष्ट छापलं होतं, नेमणूक भारतात कुठेही होईल. ती जाहिरात मीच वडिलांना वाचून दाखवली होती, त्या ओळीसकट. ते 'हं, पुढे' म्हणाले होते. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. आमच्याकडे असे विषय लोणच्याच्या बरणीसारखे वरच्या फळीवर ठेवायची पद्धत होती. आहे हे सगळ्यांना ठाऊक, हात कुणी लावायचा नाही. मीही लावला नाही. आधी पास तर होऊ, मग बघू, असं मी मनाशी म्हणायचो. मनातसुद्धा 'होऊ' आणि 'बघू' म्हणायचो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी इंग्रजीचा पेपर बरा गेला. प्रेसीला आलेला उतारा एका नदीवरच्या धरणाबद्दल होता, आणि मी शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. दोन महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. वडील लगेच गॅलरीत गेले. 'आपल्याला मुलाखतीला बोलावलंय!' गार्ड म्हणाले, 'वा! मग आपल्याला सूट नको का?' आणि त्यांनी जावयाचा सूट आणून दिला. हे 'आपण' आता गॅलरीभर पसरायला लागलं होतं. जावई अंगानं माझ्या दीडपट. आत्यानं कोटाला आतून टाके घालून तो माझ्यापुरता केला आणि बजावलं, 'हात वर करू नकोस, उसवेल.'

मग घरात मुलाखतीची तालीम सुरू झाली. वडील खुर्चीवर साहेब होऊन बसायचे, मी समोर स्टुलावर. ते इंग्रजीत प्रश्न विचारायचे. 'संध्याकाळी वेळ कसा घालवता?' मी विचार करायला लागलो की त्यांना दम निघायचा नाही. साहेबाच्या खुर्चीतूनच उत्तर सांगून टाकायचे, 'वुई रीड द न्यूजपेपर, सर.' प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. आई दारातून म्हणाली, 'अहो, त्याला बोलू द्या की.' 'त्यालाच बोलायचंय,' वडील म्हणाले, 'पण आपलं आधी ठरलेलं बरं.'

मित्राची मुलाखत माझ्या आदल्या दिवशी होती. ती आटपून तो सरळ कचेरीच्या कँटीनमध्ये आला आणि त्यानं भजी मागवली.

'शेवटी विचारतात, कुठेही जाल का,' तो म्हणाला. 'आपण सरळ सांगितलं. मुंबईबाहेर आपण नाय. ते थँक्यू म्हणाले, आपण पण थँक्यू म्हणालो. खेळ खल्लास.'

'अरे गाढवा, मग परीक्षेला बसलास कशाला?'

'जमता काय बघूक. जमला.' त्यानं भजं तोंडात टाकलं. 'तू काय सांगणार?'

मी सांगितलं की बघू. तो म्हणाला, 'तिथं बघू चालत नाय रे. तिथं हो नाय तर नाय.'

दुसऱ्या दिवशी मी कोट न उसवता बँकेत पोचलो. लांबलचक टेबलापलीकडे तीन साहेब होते. मधले वयस्कर, शांत. डावीकडचे कागद चाळणारे. उजवीकडचे फक्त माझ्या कोटाकडे बघत होते, आणि मला हात वर करायची अनिवार इच्छा होत होती. सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. इथे मराठीत सांगतो. एक शब्द तेवढा तसाच ठेवावा लागेल, कारण सगळा घोटाळा त्यातच झाला.

आधी कापसाचं विचारलं, मग पंचवार्षिक योजनेचं. ठीक चाललं होतं. मग मधल्या साहेबांनी विचारलं, 'संध्याकाळी काय करता?'

'वुई रीड द न्यूजपेपर, सर.'

'आणि?'

'अग्रलेखाची प्रेसी करतो. वुई.'

'गेल्या वर्षीही बसला होता. काय झालं?'

'इंग्रजीत वुई कमी पडलो, सर.'

डावीकडच्या साहेबांनी कागद चाळायचं थांबवलं. मधल्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, 'हे वुई कोण? मला तर समोर एकच उमेदवार दिसतोय.'

वर्षभर ज्या शब्दावरून मी घरात धुसफुसत होतो तो माझ्याच तोंडून तीनदा बाहेर पडला होता! गार्डांच्या देखत मी वडिलांना जे विचारलं होतं, तेच आता हा परका माणूस मला विचारत होता. फक्त ओरडून नव्हे, एवढाच फरक.

गप्प बसलो असतो तर संपलंच होतं. म्हणून खरं ते सांगितलं. म्हटलं, 'साहेब, माझे वडील, आई, आत्या आणि मी. माझ्या भाषेत दोन वुई आहेत. एक आपण. त्यात ज्याच्याशी बोलतो तो माणूसही धरलेला असतो. दुसरा आम्ही. त्यात तो धरलेला नसतो. वडील माझ्याशी बोलताना नेहमी पहिला वापरतात. मी नापास झालो तरी ते आपण नापास झालो म्हणतात. इंग्रजीत आल्यावर दोन्हींचं वुईच होतं.'

उजवीकडचे साहेब पहिल्यांदा कोट सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. 'म्हणजे,' ते म्हणाले, 'आता तुम्ही जे वुई म्हणालात, त्यात मी आहे का?'

'नाही साहेब. ते आम्ही होतं.'

तिघेही हसले. मधले साहेब हसणं थांबल्यावर म्हणाले, 'फार चांगलं. पण नेमणूक आम्ही एकालाच देतो. भारतात कुठेही जावं लागेल. तुमच्या वडिलांचं मला ऐकायचं नाही, आत्याचंही नाही. तुम्ही जाल का?'

मला मित्राची भजी आठवली. वडील समोर बसून अग्रलेख ऐकतायत ते आठवलं. त्यांना आता माझा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता, आवाजावरच सगळं चाललं होतं. मी गेलो तर तो पेपर कोण वाचणार, हा प्रश्न वर्षभरात मी एकदाही स्वतःला विचारला नव्हता. तो नेमका तिथे, त्या टेबलासमोर आला.

'आय विल गो, सर,' मी म्हणालो.

साधं वाक्य. साहेब थँक्यू म्हणाले आणि मी उठलो. कोट तेवढा काखेत उसवला.

घरी पोचलो तर वडील जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना माणसं अंधूक दिसत, त्यामुळे जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत होते, 'आलो का रे आपण?' भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या गार्डांनाही त्यांनी हेच विचारलं, आणि गार्ड म्हणाले, 'मी आलो, पण तुम्ही म्हणताय तो मी नव्हे.' त्यांच्या मागोमाग मी.

मी सगळं सांगितलं, प्रेसी न करता. 'वुई कोण' या प्रश्नावर आई तोंडाला पदर लावून हसली. आत्यानं विचारलं, 'माझं नाव निघालं तिथं?' तिला ते फारच मानाचं वाटलं. वडीलही हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग शांत झाले आणि म्हणाले, 'आणि जाण्याचं? काय सांगितलं?'

'मी जाईन म्हणालो.'

वरच्या फळीवरची बरणी खाली आली होती.

'बरोबर सांगितलं,' वडील म्हणाले. 'बोलावलं एकाला होतं, सांगायचं एकानंच.' मग आईकडे वळून म्हणाले, 'ह्याला वाढ. तो दमलाय.'

मला ते खटकलं, पण का खटकलं ते घास घेताना कळलं. एरवी ते म्हणाले असते, आपण दमलोय.

पुढच्या दिवसांत मी कान देऊन ऐकायला लागलो. अग्रलेख आम्ही वाचतच होतो, सवय म्हणून. पण आता 'आपला मुद्दा गळला' बंद झालं होतं. 'हा मुद्दा राहिला,' एवढंच ते म्हणायचे. मी एकदा मुद्दाम शेवटचा परिच्छेद गाळला. त्यांच्या ते लक्षात आलं नसणं शक्यच नव्हतं. 'छान,' म्हणाले.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी कचेरीतून येऊन हातपाय धूत होतो. आईनं देवापुढे साखर ठेवली. वडील चाचपडत गॅलरीत गेले आणि गार्डांना म्हणाले, 'पास झाला तो.'

'अहो, आपण पास झालो म्हणा की!' गार्ड म्हणाले. त्यांनाही आता सवय झाली होती.

'छे हो. माझा काय संबंध? त्यानं केलं.'

मी आत मोरीत ओल्या हातांनी उभा होतो. खरं सांगायचं तर मला रडू आलं. नापास झालो तेव्हा हा माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, अर्धं नापासपण त्यानं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी गॅलरीभर ऐकू जाईल असं त्याला हाकललं होतं. आता पास झालो तर तो म्हणतोय माझा संबंध नाही. तेव्हा आईनं साखर हातावर ठेवली आणि विचारलं, 'डोळ्यांत साबण गेला का रे?' मी हो म्हणालो.

नेमणूक ओरिसातच निघाली. मित्रानं कचेरीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, 'गेला! बांगड्याला मुकला.' मग बाजूला घेऊन म्हणाला, 'तुझ्या बाबांकडे रविवारी जात जाईन आपण. इंग्रजी पेपर वाचून दाखवीन. आपला उच्चार घाण आहे, पण चालेल ना?' मी वडिलांना तसं सांगितलं. ते म्हणाले, 'त्याला कशाला त्रास? पेपरवाल्याला मी सांगितलंय, एक तारखेपासून मराठी टाक. आत्या वाचेल.' आत्या लगेच म्हणाली, 'पण एक तृतीयांशच हं.'

निघायच्या दिवशी सकाळी टांगा खाली उभा होता. आईनं मेतकुटाची बरणी आणि लाडवांचा डबा ट्रंकेत असा कोंबला होता की ट्रंकेवर आत्या बसली तेव्हा कडी लागली. सूट जावयाला परत गेला होता. बूट मात्र माझे स्वतःचे, नवे, करकर वाजणारे. गार्ड दात घासत गॅलरीत आले आणि नेहमीसारखे म्हणाले, 'काय, निघालात का?'

'तो निघालाय,' वडील म्हणाले. 'आम्ही इथंच.'

साहेबांना मी हाच 'आम्ही' मोठ्या ऐटीत समजावून दिला होता.

मी वाकून नमस्कार केला. त्यांचा हात आधी माझ्या खांद्यावर पडला, मग डोकं सापडलं. काहीतरी बोलायला हवं होतं. डोळ्यांची काळजी घ्या, ऑपरेशनला मी येईन, असलं काहीतरी मी आदल्या रात्री पाठ केलेलं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

'पोचलो की आपण तार करू,' मी म्हणालो.

ते माझ्या दिशेनं बघत होते, जरा डावीकडे, मी जिथे नव्हतो तिथे.

'आपण कोण?' ते म्हणाले. 'तार तू करायची.'

रागाशिवायचं 'तू' त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सवयीनं मी खाली बघून चपला शोधायला लागलो. त्या ट्रंकेत गेल्या होत्या.